चार आस्थापनांची सुरक्षितता एका तराजूत कशी तोलायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या एका उद्योगसमूहाची चार आस्थापने आहेत: वेर्ण्याला औषधांचा कारखाना, कळंगुटला हॉटेल, मांडवीच्या काठी बार्ज दुरुस्तीचा यार्ड आणि मडगावला छोटे इस्पितळ. व्यवस्थापनाला चारही ठिकाणचे अपघातांचे आकडे शेजारी मांडून क्रमवारी हवी आहे, म्हणजे ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, पहिल्या नंबरला ढाल देता येईल. हे काम ज्यांच्याकडे आले ते मनुष्यबळ अधिकारी विचारतात की आकड्यांत हॉटेल पहिले येते आणि यार्ड शेवटचा, पण प्रत्यक्षात तसे वाटत नाही; मग कोणती संस्था अपघातांतून खरोखर शिकते हे मोजायचे कसे?

तुमची शंका बरोबर आहे. मी अठ्ठावीस वर्षे सुरक्षा अधिकारी आणि नंतर ऑडिटर म्हणून गोव्यातले कारखाने, यार्ड आणि हॉटेले फिरलो आहे. अशी क्रमवारी मीही सुरुवातीला केली होती. आता करत नाही, आणि तुम्हीही करू नये असे आग्रहाने सांगतो.

पहिली अडचण व्याख्येची. कारखाने अधिनियम, १९४८ प्रमाणे कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही की अपघात कळवावा लागत असे. खाणींच्या कायद्यात तीच रेषा ७२ तासांची होती. हॉटेल कारखान्यांच्या कायद्याखाली येतच नव्हते, त्यामुळे तिथे अशी नोंद ठेवायची सवयच लागली नाही. इस्पितळात नर्सला वापरलेली सुई टोचली तर ती दुसऱ्या दिवशी कामावर हजर असते. तास वाया जात नाहीत म्हणून आकड्यात काही येत नाही, पण पुढचे कित्येक महिने ती रक्ततपासणीच्या धास्तीत काढते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली असली तरी तुमच्याकडच्या मागच्या पाच वर्षांच्या वह्या जुन्याच रेषांनी आखलेल्या आहेत. भरीला भागाकाराचा घोळ. आपल्याकडे फ्रिक्वेन्सी रेट, म्हणजे ठरावीक तासांच्या कामामागे किती अपघात झाले तो दर, दहा लाख मनुष्यतासांमागे काढतात, अमेरिकी पद्धतीचे फॉर्म दोन लाख तासांमागे. परदेशी साखळीच्या नमुन्यावर भरलेला हॉटेलचा आकडा आणि यार्डाचा देशी आकडा शेजारी ठेवला तर तिथेच पाचपट फरक पडतो. आधी हे तपासा.

दुसरी अडचण जास्त खोल आहे आणि ती व्यवस्थापनाला कागदावर गणित करून दाखवावी लागते. समजा एका आस्थापनात २०० माणसे आहेत आणि प्रत्येकाचे वर्षाला सुमारे २,४०० तास भरतात. एकूण ४,८०,००० तास. तिथला खरा धोका दहा लाख तासांमागे २ अपघात इतका आहे असे धरू. म्हणजे वर्षाला सरासरी एकाहून किंचित कमी अपघात. आता काहीही न बदलता, तीच माणसे, तीच यंत्रे ठेवून अशी शंभर वर्षे गेली तर साधारण ३८ वर्षांत एकही अपघात होणार नाही आणि साधारण २५ वर्षांत दोन किंवा त्याहून जास्त होतील. शून्याच्या वर्षी ढाल मिळेल आणि दोनच्या वर्षी मॅनेजरची कानउघाडणी होईल, पण जागेवर काही बदललेले नसेल. शून्याला किती किंमत द्यायची यासाठी एक सोपा हिशेब आहे: तीनला एकूण तासांनी भागायचे. एका वर्षाचे शून्य असेल तर खरा दर दहा लाख तासांमागे सव्वासहापर्यंतही असू शकतो, इतकेच खात्रीने म्हणता येते. पाच वर्षे सलग शून्य असेल तर ती मर्यादा सव्वावर येते. म्हणून २०० माणसांच्या दोन ठिकाणांची एका वर्षावरून तुलना करणे म्हणजे नाणे उडवून निकाल लावण्यासारखे आहे.

हे सगळे आकडे खरे आहेत असे धरून झाले. ते खरे आहेत का हे पाहायला मी प्रथमोपचाराच्या पेटीकडे जातो. अपघात नोंदवही बाजूला ठेवा आणि खरेदी विभागाकडून वर्षभराची भाजल्यावरच्या मलमाची, चिकटपट्ट्यांची आणि गॉजची बिले मागा. एका हॉटेलात वर्षात दोन किरकोळ जखमा नोंदलेल्या होत्या. किचनच्या पेटीतले मलम मात्र दर पंधरा दिवसांनी संपत होते. मी शेफला विचारले तेव्हा त्यांनी बाही वर करून हात दाखवला, कोपरापर्यंत जुन्या-नव्या भाजल्याचे डाग होते. “हे कुठे लिहायचं असतं?” असे त्यांनी मला मनापासून विचारले. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. लॉन्ड्रीतली, बागेतली आणि एसटीपीवरची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेवरची, माणसे ठेकेदाराची, त्यांच्या जखमा ठेकेदाराच्या वहीत, आणि ती वही कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. तुमचे हॉटेल पहिले का येते याचे कारण बहुधा इथेच सापडेल. मनुष्यतास मोजताना ठेकेदाराची माणसे धरली आहेत आणि जखमा मोजताना वगळली आहेत, असा प्रकार मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिला आहे.

मग मोजायचे काय? यासाठी एक प्रसंग जरा तपशिलाने सांगतो, कारण माझी सगळी पद्धत त्यातून आली.

एका औषध कारखान्यात ड्रममधून टोल्युइन हा ज्वलनशील द्रव रिअ‍ॅक्टरच्या टाकीत घेताना भडका उडाला आणि ऑपरेटरचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. टोल्युइनची वाफ चार-पाच अंश तापमानालाही पेट घेऊ शकते. गोव्याच्या हवेत ती बाराही महिने पेटायला तयार असते. नळीतून वाहताना या द्रवात स्थिर विद्युतभार साठतो, आणि ड्रम जमिनीशी जोडलेला नसेल तर ठिणगी पडते. चौकशी नीट झाली. ड्रमला अर्थिंगचा क्लॅम्प लावायचा, त्याशिवाय पंप सुरू करायचा नाही, असा नियम झाला. भिंतीवर चित्रासह पाटी लागली, सर्वांचे प्रशिक्षण झाले, फाइलवर ‘बंद’ असा शेरा पडला.

पाच वर्षांनी मी त्याच कारखान्यात ऑडिटला गेलो. दुसऱ्या पाळीला मुद्दाम थांबलो. झारखंडचा एक तरुण ऑपरेटर ड्रम लावत होता. त्याने न सांगता क्लॅम्प उचलला, ड्रमच्या कडेला लावला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, “साब, रोज लगाता हूँ.” तो खोटे बोलत नव्हता. मी मीटर काढून ड्रमची उघडी धातू आणि अर्थिंगची पट्टी यांच्यामधला रोध मोजला. चांगल्या जोडणीत तो दहा ओहमच्या आत असायला हवा. मीटरचा काटा जागचा हलला नाही. ड्रमवर जाड निळ्या रंगाचा थर होता, क्लॅम्पचे दात खाऱ्या हवेने गंजून बोथट झाले होते, आणि ते रंगाच्या वरच बसत होते. नियम रोज पाळला जात होता आणि ड्रम रोज हवेत लोंबकळल्यासारखा, जमिनीपासून तुटलेला होता.

रंग कुठून आला? पूर्वीचे ड्रम पावसाळ्यात शेडमध्ये गंजायचे. स्टोअरने तक्रार केली, खरेदी विभागाने चांगल्या हेतूने जाड रंगाचे ड्रम देणारा पुरवठादार शोधला. त्या टेबलावर भडक्याची फाइल कधी गेलीच नव्हती. मेंटेनन्सचा एक जुना फिटर बाजूला उभा होता, सांग्याचा. तो हळूच म्हणाला, “सायबा, हांवें दोन फावटी सांगलें.” दोनदा सांगितले होते, आणि पाळीच्या वहीत तशी नोंदही सापडली. तिच्याखाली कोणाचीही सही नव्हती.

या कारखान्याचा फ्रिक्वेन्सी रेट त्या पाचही वर्षांत शून्य होता. प्रशिक्षणाची टक्केवारी शंभर होती. शेवटी तिथे असा क्लॅम्प बसवला जो स्वतःच जोडणी तपासतो आणि जोडणी नसेल तर पंपाला वीजच देत नाही. पण ते नंतर.

त्या दिवसापासून मी कोणत्याही संस्थेत आधी नव्या योजना पाहत नाही. जुन्या घटना घेतो आणि जागेवर जातो. अपघात झाल्यावर प्रत्येक संस्था स्वतःला एक शब्द देते: हे असे पुन्हा करणार नाही, इथे जाळी बसवू, तिथे दुसरा माणूस ठेवू. तो शब्द दोन-तीन वर्षांनी, माणसे बदलल्यावर, रात्रीच्या पाळीला जिवंत आहे का, एवढेच मी मोजतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे, कारण औषध कारखाना आणि हॉटेल यांचे धोके एका मापाने मोजता येत नाहीत, पण दोघांनी आपापला शब्द किती पाळला हे एकाच मापाने मोजता येते.

करायचे असे. प्रत्येक आस्थापनातून किमान दोन वर्षे जुन्या दहा घटना चिठ्ठ्या टाकून निवडा. निवड तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याला करू देऊ नका. तो वाईट माणूस नसतो, पण नीट मिटलेल्या घटना त्याला आधी आठवतात. किरकोळ जखमा आणि थोडक्यात टळलेले प्रसंगही त्यांत असू द्या. प्रत्येक घटनेला चार प्रश्न लावा. ठरलेली सुधारणा आज जागेवर आहे का? असली तर ती चालते का, की त्या क्लॅम्पसारखी नुसती दिसते, हे मीटर लावून, बटण दाबून, दार उघडून पाहिले का? त्या घटनेनंतर कामावर आलेल्या माणसाला, शक्यतो ठेकेदाराच्या माणसाला, ही खबरदारी कशासाठी हे सांगता येते का? आणि चौथा, सगळ्यांत कठीण: तसाच धोका असलेल्या दुसऱ्या विभागात तीच सुधारणा पोचली आहे का? प्रत्येक ‘हो’ला एक गुण, चाळीसपैकी. तपासणीला दोन माणसे पाठवा, एक त्या आस्थापनातला आणि एक दुसऱ्या आस्थापनातला. यार्डाचा फोरमन हॉटेलच्या एसटीपीजवळ उभा राहिला की त्याला जे दिसते ते हॉटेलच्या इंजिनीअरला दहा वर्षांत दिसलेले नसते.

याच्या जोडीला एक वर्गवारी करा, फार वेळ लागत नाही. मागच्या वीस चौकशांत ठरलेल्या उपायांचे तीन ढीग करा: वस्तू किंवा रचना बदलली, नियम बदलला, माणसांना सांगितले. ‘कामगारास समज दिली’, ‘काळजी घेण्यास सांगितले’ हे सगळे तिसऱ्या ढिगात. हा तिसरा ढीग सगळ्यांत मोठा असेल तर तिथे चौकशी होते पण शिकणे होत नाही, असे मी बेधडक लिहितो. समज दिलेला माणूस ठेकेदार बदलला की निघून जातो; जाळी, आडवा दांडा, आपोआप बंद होणारी झडप हे तिथेच राहतात.

दिलेला शब्द सुटला की काय होते हे आपल्या देशाने भोपाळमध्ये पाहिले आहे. डिसेंबर १९८१ मध्ये त्या कारखान्यात फॉस्जीन या विषारी वायूने एक कामगार गेला. १९८२ मध्ये कंपनीच्याच तज्ज्ञांनी येऊन तपासणी केली आणि दोष लिहून दिले. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि गळणारा वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. धोका माहीत नव्हता असे कोणीही म्हणू शकत नव्हते; तो कागदावर होता.

आता तुमच्या यार्डाबद्दल. तो शेवटचा आला म्हणून त्याला झोडपू नका, आधी त्याच्या नोंदी पाहा. यार्डातली माणसे जास्त लिहीत असतील तर ती जमेची बाजू आहे. तिथे मला रस आहे तो बंद टाक्यांत. बार्जची टाकी कित्येक महिने बंद राहिली की आतले लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू खाऊन टाकते. वास नाही, धूर नाही; आत उतरलेला माणूस शिडीवरच कोसळतो, आणि त्याला काढायला धावत गेलेला दुसराही. म्हणून वर्क परमिट, म्हणजे टाकीत उतरण्याची लेखी परवानगी, पाहताना सही आहे का हे पाहू नका, प्राणवायूचा आकडा पाहा. महिनाभराच्या सगळ्या परमिटांवर २०.९ टक्के, म्हणजे मोकळ्या हवेतला, हाच आकडा एकाच हस्ताक्षरात असेल तर मीटर टाकीत उतरलेला नाही, तो टेबलावर वाचला गेला आहे. खरी मोजणी कधी २०.६ देते, कधी २०.८, आणि एखाद्या दिवशी १८ देऊन काम थांबवते. असे थांबलेले एक तरी परमिट सापडले तर मी त्या यार्डाला मान देतो.

हॉटेलला मी दुसऱ्याच्या अपघातावरून प्रश्न विचारीन. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागून २५ जीव गेले, आणि त्यांत तिथे राबणारी माणसेच जास्त होती. ती बातमी तुमच्या हॉटेलपासून काही मिनिटांच्या अंतरावरची आहे. त्या आठवड्यानंतर तुमच्या किचनमध्ये, तळघरात, कर्मचाऱ्यांच्या झोपायच्या खोल्यांत काय बदलले? दुसरे दार होते का, त्याच्यासमोर पाण्याचे क्रेट रचलेले होते का, आज ते तिथे आहेत का? ‘बैठक झाली’ हे उत्तर मला पुरत नाही. दार उघडून दाखवा.

इस्पितळात आकडे वाढले तर घाबरू नका. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात वॉर्डांतल्या औषधांच्या चुका अभ्यासताना असे दिसले की चांगल्या चालणाऱ्या वॉर्डांत चुकांची नोंद कमी नव्हे, जास्त होती. तिथल्या नर्सेसना चूक सांगायची भीती नव्हती, एवढाच फरक. तुमच्या इस्पितळात सुई टोचल्याच्या नोंदी वर्षाला एक-दोन असतील तर मला काळजी वाटेल. नोंद केल्यावर काय होते तेही विचारा: ताबडतोब औषध मिळते का, की आधी मेट्रनचे बोलणे ऐकावे लागते? आणि ज्या माणसाने कळवले त्याला काय केले हे परत सांगायला किती दिवस लागले? चारही ठिकाणी हा एक आकडा जरूर काढा. सांग्याच्या त्या फिटरला कोणीच परत काही सांगितले नव्हते. तिसऱ्यांदा त्याने सांगितले नाही, आणि त्यात त्याची चूक आहे असे मी मानत नाही.

माणसे गेली की शिकलेले कसे जाते हे गोव्याला कोणी सांगायला नको. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा डिचोली-सांगे भागातले डंपर ऑपरेटर, फिटर, खाणीचे मेट (मुकादम) वाटेल त्या कामाला लागले. खाणीतल्या टाकाऊ मातीचा कोणता ढीग (डंप) पहिल्या मोठ्या पावसात सरकतो, कोणत्या बाजूने पाणी काढायचे, हे त्यांच्या डोक्यात होते. काही खाणी पुन्हा सुरू होताना यंत्रे आणता आली, ती माणसे सगळी आणता आली नाहीत. तुमच्या चार ठिकाणी पुढच्या तीन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची यादी काढा आणि त्यांच्याबरोबर एकेक दिवस फिरून ते कुठे थांबतात, काय हाताने चाचपून पाहतात, हे कोणा तरुणाला लिहून घ्यायला सांगा. प्रशिक्षणावर चर्चगेटहून तज्ज्ञ बोलावण्यापेक्षा मी हा खर्च आधी करीन.

ढालीबद्दल. अपघात नसल्याचे बक्षीस देऊच नका, विशेषतः रोख किंवा बोनसशी जोडून. ते दिले की पाय मुरगळलेल्या माणसाला गाडीतून आणून खुर्चीवर बसवतात, म्हणजे तास वाया गेला असे दिसू नये. मी हे पाहिले आहे. त्या माणसाच्या चेहऱ्यावरचे दुखणे आठवले की अजून राग येतो. एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या तराफ्यावर वरिष्ठ अधिकारी आले होते. तिथे सात वर्षांत वेळ वाया घालवणारा एकही अपघात झाला नव्हता, त्याचे कौतुक करायचे होते. त्याच दिवशी स्फोट झाला आणि ११ माणसे गेली. घसरून पडण्याचे आकडे आणि विहीर फुटण्याचा धोका या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. तुमच्या औषध कारखान्यातही तसेच आहे. तिथे किती सेफ्टी व्हॉल्व्हची तपासणी मुदतीबाहेर गेली आणि किती इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी जोडणी) ‘तात्पुरते’ बायपास आहेत, हे महिन्याला वेगळे मागा. ढाल द्यायचीच असेल तर ज्याने काम थांबवले आणि ज्याचे ऐकले गेले, अशा कामगाराला आणि त्याच्या सुपरवायझरला मिळून द्या.

पहिली फेरी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात करा. पाऊस लागलेला असतो, वीज जाते, शिड्या ओल्या होतात, अर्धे ठेकेदार गावी गेलेले आणि नवी माणसे आलेली असतात. मार्चमध्ये नीट दिसणारे बरेच काही तेव्हा नीट नसते. रात्री नऊनंतर जा, मॅनेजरला फक्त अर्धा तास आधी कळवा, आणि सोबत मीटर ठेवा. चाळीसपैकी गुण हातात आले की प्रथमोपचाराची बिले आणि परमिटांची फाइल घेऊन या. आकडे मांडायला मी तुमच्याबरोबर बसेन.